मदत हवी आहे : स्थलांतर होणाऱ्या पाड्यांवर अंतिम पाहणी केव्हा करावी?

नमस्कार. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत आमची संस्था बालपोषणाचा कार्यक्रम राबवते. त्याच्या संनियंत्रण व मूल्यमापनाची आखणी माझ्याकडे आली आहे. ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांचा दंडघेर मोजायचा आणि तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास बालक सॅम (तीव्र कुपोषित) श्रेणीत धरायचे, इथवर अडचण नाही. अडचण वेळेची आहे. पायाभूत (सुरुवातीची) पाहणी पावसाळ्यात झाली, तेव्हा घरे भरलेली होती; मात्र दिवाळीनंतर बरीच कुटुंबे लहान मुलांसह ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, त्यामुळे देणगीदारांच्या आग्रहाप्रमाणे जानेवारीत अंतिम पाहणी केली, तर दाराला ताटी बांधलेली घरे सोडून उरलेलीच मोजली जातील आणि आकडे उगाचच चांगले दिसण्याचा धोका आहे. (निर्देशकांचा तक्ता सर्वांना हवा असतो; मूल घरी सापडले का, हे सहसा कोणी विचारत नाही.) होळीला बरीच मंडळी परततात खरी, परंतु पावसाळ्यातील टंचाईच्या दिवसांशी त्या दिवसांची तुलना मला पटत नाही.

पुढील पावसाळ्यापर्यंत थांबावे, की त्याच बालकांचा माग ठेवून ऊसतोडीच्या तळांवर जाऊन मोजमाप करावे? न सापडलेल्या बालकांचा हिशेब विश्लेषणात कसा धरावा? अशा भागात पाहणी केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.