ऑपरेशन लवकर होतं, पण पुढचे शेक?

"इंग्लंडात नंबर लागेपर्यंत महिने जातात, आपल्याकडे पैसे भरले की आठवड्यात ऑपरेशन" असं स्तनाच्या कॅन्सरबद्दल बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ऑपरेशन लवकर होतं खरं, पण नंतरच्या रेडिएशनबद्दल, म्हणजे शेकांबद्दल, कोणी बोलतच नाही. माझ्या मावशीला 25 शेक सांगितले. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. ती गोंदियाकडची, रोज जाणं-येणं कुठून जमणार, म्हणून नागपुरात आमच्याकडेच राहिली. त्यात मे महिना. शेकाची जागा दाखवायला छातीवर शाईने आखलेल्या खुणा पुसू द्यायच्या नाहीत आणि घाम तर थांबत नाही! कूलरसमोर बसून सारखी पदर सरकवून खुणा आहेत ना ते बघायची. काकांची शेतीची कामं अडली ती वेगळीच.

इंग्लंडात 2020 मध्ये, कमी शेकांत भागतं का हे बघणाऱ्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे निकाल आले, तेव्हापासून तिथे बऱ्याच जणींचं हेच काम 5 शेकांत, एका आठवड्यात होतं. पाच वर्षांच्या पाहणीत त्याच स्तनात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण तिथल्या आधीच्या पद्धतीने 15 शेक घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. सगळ्याच जणींना ते लागू पडत नाही, काखेतल्या गाठी वगैरे बघूनच डॉक्टर ठरवतात. पण बाहेरगावच्या बाईसाठी चार आठवड्यांचा फरक म्हणजे भाडं, जेवण, सोबतीच्या माणसाची मजुरी. आम्ही तर "कमी शेकांत होईल का" असं विचारलंसुद्धा नाही. 25 म्हणाले, 25 घेतले.