नेटवर्क ड्रायव्हरचा पॅच रिव्ह्यू करताना आधी काय बघता?

नवा_रिव्ह्युअर
लिनक्सच्या एका इथरनेट ड्रायव्हरवर पॅच (कोडमधला बदल) आलाय आणि रिव्ह्यू माझ्या गळ्यात पडलाय. ट्रान्समिटचा कोड बराच हलवलाय, त्यातच व्हेरिएबलची नावं बदलणं, कॉमेंट दुरुस्त करणं असलं पण सगळं घुसडलंय. कंपाईल होतो, पिंग जातं, चेकपॅच (कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट) गप्प आहे. मग अजून बघायचं काय नेमकं? एक जागा खटकतेय, डीएमए मॅपिंग (कार्डला पॅकेटची मेमरी थेट वाचता यावी म्हणून करायची जोडणी) फेल झालं की एसकेबी (कर्नलमधला पॅकेटचा बफर) फ्री करतो आणि बिझी रिटर्न करतो, हे चालतं का?

रिंगबफर
नाही चालत, आणि बरोबर जागा पकडलीयस. बिझी म्हणजे काय तर ड्रायव्हर स्टॅकला (कर्नलच्या नेटवर्क कोडला) सांगतो की पॅकेट मी घेतलंच नाही, तुझ्याकडेच ठेव, मग स्टॅक तोच एसकेबी परत क्यूत टाकतो आणि इकडे तुम्ही तो फ्री करून मोकळे! यूज आफ्टर फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी परत वापरणं, सरळ सरळ. तिथे पॅकेट ड्रॉप करायचं, ड्रॉपचा काउंटर वाढवायचा आणि ओके रिटर्न करायचं. आणि समजा पॅकेटच्या तिसऱ्या फ्रॅगमेंटला (तुकड्याला) मॅपिंग फेल झालं, तर आधीचे सगळे अनमॅप होतायत का ते पण बघ. मी तर कुठलाही ड्रायव्हर पॅच एरर पाथपासूनच (काही फेल झालं की चालणाऱ्या कोडपासून) वाचतो, कारण चांगला रस्ता लिहिणाऱ्याने टेस्ट केलेला असतोच, फेल झाल्यावर जिथे उडी मारतात त्या गोटोच्या लेबलांकडे कुणी बघत नाही.

जुना_खोडकर
त्याआधी पॅच परत पाठव ना. नावं बदलणं वेगळ्या पॅचमध्ये, बग फिक्स वेगळ्या. फिक्स असेल तर 'नेट' ट्रीवर (चालू आवृत्तीच्या दुरुस्त्यांची शाखा), फिक्सेस टॅग (बग कुठल्या कमिटने आणला ते सांगणारी ओळ) लावून, बाकी साफसफाई 'नेट-नेक्स्ट'वर (पुढच्या आवृत्तीची शाखा). असली खिचडी वाचत बसण्यात रात्र जाते आणि खरा बग नेमका त्या नाव बदललेल्या ओळींतच लपलेला असतो.

रिंगबफर
मान्य, पण खटकलेली जागा आत्ताच कळव, नाहीतर तो तीच चूक घेऊन तीन तुकडे करून आणेल.

नवा_रिव्ह्युअर
ओके दोन्ही कळवतो. मग बिझी कधीच रिटर्न करायचं नाही का?

पोलिंग_पंढरी
रिंगमध्ये (कार्डने पाठवायच्या पॅकेटांच्या गोल यादीत) जागा नसताना पॅकेट आलंच तर करतात, पण क्यू वेळेवर थांबवली असेल तर ती वेळ यायलाच नको. आणि खरी गंमत त्या थांबवण्यातच आहे. रिंग भरली असं बघून ट्रान्समिट क्यू थांबवायला जातो, नेमकं त्याच क्षणी दुसऱ्या सीपीयूवर कम्प्लीशन (पाठवून झालेली पॅकेटं आवरणारा कोड) सगळी रिंग साफ करून जातं, त्याला क्यू चालूच दिसते म्हणून ते उठवत नाही, आणि नंतर इकडे क्यू थांबते ती थांबतेच, उठवणारं कुणी उरत नाही, मग अडकलेली क्यू पकडणाऱ्या वॉचडॉगची टाइमआउट वॉर्निंग ओरडते. म्हणून थांबवल्यावर मेमरी बॅरियर (मेमरीतल्या लिहिण्या-वाचण्याचा क्रम पक्का करणारी सूचना) टाकून जागा परत तपासायची. पॅचमध्ये ही दुसरी तपासणी 'अनावश्यक' म्हणून उडवलेली नाहीये ना, एवढं बघच, साफसफाईच्या नावाखाली हे हमखास उडतं.
डिस्क्रिप्टरचा (रिंगमधल्या एका नोंदीचा) ओनरशिप बिट, म्हणजे ती नोंद आता कार्डची असं सांगणारा, शेवटी लिहितोय का आणि त्याआधी बॅरियर आहे का तेही. एक्स८६ वर हे बऱ्याचदा झाकलं जातं, आर्मवर उघडं पडतं.
आणि पिंगने काही सिद्ध होत नाही रे! आयपर्फ (नेटवर्कवर लोड टाकणारं टूल) जोरात चालू ठेवून इथटूलने (कार्डची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने) रिंग साइज बदलायला सांग, इंटरफेस खाली-वर करायला सांग, केसॅन, लॉकडेप आणि डीएमए डिबग (मेमरी, लॉक आणि डीएमएच्या चुका पकडणाऱ्या कर्नलच्या तपासण्या) चालू ठेवून. लॉग मागून घे, नुसतं "टेस्टेड" लिहिलेलं नको.