मदत हवी आहे: स्तनाच्या कॅन्सरनंतर हाताला सूज, मालिश-जळवा-ॲक्युपंक्चर यांतलं काय चालेल?

आईची डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या लसीका गाठी काढल्या, मग रेडिएशन. आता कोपराच्या वर १० सेंमीवर डावा दंड उजव्यापेक्षा ३ सेंमी जास्त भरतो. संध्याकाळी बोटाने दाबलं की खळगा राहतो. सर्जननी लिंफेडिमा (लसीका म्हणजे ऊतींतलं पाणी साचून आलेली सूज) सांगितलाय, डॉपलरमध्ये (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) गुठळी नाही. प्रेशर स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) लिहून दिली आहे. नातेवाईक गरम तेलाने मालिश आणि जळवा सुचवताहेत, कुणी ॲक्युपंक्चर. काय करावं?

निशिगंध
जळवा नकोच. त्या हाताचा निचरा अधू असल्याने बारीक जखमही सेल्युलायटिसला (त्वचेखालचा जंतुसंसर्ग) पुरते, आणि अशा प्रत्येक संसर्गाने उरलेल्या लसीकावाहिन्या आणखी खराब होतात. कपिंगही (कप लावून त्वचा ओढणं) नको. गरम तेल, शेक, वाफ यांनी रक्तपुरवठा वाढतो, पाणी जास्त झिरपतं; बाहेर जाण्याची वाट मात्र तेवढीच.

मालिश चालतं, पण लसीका निचऱ्याचं, बिनतेलाचं. त्वचा नुसती ताणली जाईल इतकाच दाब. लाली आली तर जोर जास्त झाला. आधी पोटातून पाच संथ श्वास. मग गळ्याच्या हाडावरचे खळगे, उजवी काख, डावी जांघ इथे हलकी वर्तुळं. छातीवरून डावीकडून उजव्या काखेकडे, कुशीवरून खाली जांघेकडे हात फिरवा. हाताची पाळी त्यानंतर: आधी खांदा-दंड, मग कोपराखालचा भाग, शेवटी पंजा, प्रत्येक वेळी दिशा वर खांद्याकडे. बहुतेक जण पंजापासून सुरू करतात, तेव्हा पाणी वर जाऊन अडतं. एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. ताप किंवा लाली असेल तर बंद.

पिंपळपान
ॲक्युपंक्चरच्या चाचण्यांत सूज ठळक कमी झालेली नाही. करायचंच तर सुया त्या हातात नकोत. पाणी उतरवायच्या गोळ्याही कामाच्या नाहीत: पाणी जातं, प्रथिनं तिथेच राहतात आणि पाणी परत ओढतात. लिंफेडिमावरच्या कुमारिनच्या गोळ्या तर १९९९च्या चाचणीत निरुपयोगी ठरल्या, वर काहींच्या यकृताला त्रास. खरा आधार दाबाचाच. खळगा पडतोय तोवर आधी कमी ताणाच्या पट्ट्यांचं बँडेजिंग करून घ्या, स्लीव्ह त्यानंतर. वजन उचलायला मनाई नाही. अर्ध्या किलोपासून हळूहळू वाढवा, स्लीव्ह घालून.

धागाकर्ती
स्लीव्ह घातली की पंजा सुजतो, वरची कड गुंडाळली जाते. साइज मोठा घ्यायचा का?

पिंपळपान
नुसता मोठा घेऊन भागणार नाही. गुंडाळलेली कड दोरीसारखी आवळते, त्यामुळे खाली सूज येते. तोवर ती घालू नका. बँडेजिंगने हात उतरल्यावर सकाळी नव्याने मापं घ्या: मनगट, कोपर, काखेजवळ आणि लांबी. सोबत पंजाचा गॉन्टलेट (बोटं उघडी ठेवणारा दाबाचा मोजा). बोटंही सुजत असतील तर ग्लव्ह. रात्री स्लीव्ह काढायची. दोन घ्या, एक धुवायला. साधारण सहा महिन्यांत ताण सैल पडतो. आणि घालण्याआधी तेल-क्रीम लावू नका, विणीतला रबर लवकर जातो. मॉइश्चरायझर रात्री.

निशिगंध
एकाएकी लाली, गरमपणा, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, अँटिबायोटिक लागतं. हात अचानक फुगला, दुखू लागला किंवा बधिर झाला तर सर्जनना दाखवा, आजार उलटला नाही ना हे बघावं लागतं.