जोड्या जुळवण्याचा पत्त्यांचा खेळ घरी करायचा आहे, सल्ला हवा

प्रश्न:
चार आणि सात वर्षांच्या दोन मुलांसाठी चित्रांच्या जोड्या शोधण्याचा खेळ, म्हणजे ज्याला बहुतेक जण मेमरी गेम म्हणतात तो, घरीच तयार करण्याचा विचार आहे. चित्रे जमवून झाली आहेत आणि छपाईसाठी इंकजेट प्रिंटर आहे. पत्त्याचा आकार केवढा असावा, लॅमिनेशन करावे का, आणि दोन्ही मुलांना एकच संच पुरेल का, हे कृपया सांगावे. छापील कागद उजेडात धरला की चित्र मागच्या बाजूने दिसते. त्यावर उपायही हवा आहे.

प्रतिसाद १:
चित्रांच्या आधी पत्त्यांच्या पाठीचा विचार करावा, असे माझे मत आहे. पालथे ठेवलेले पत्ते एकमेकांपासून ओळखू येता कामा नयेत, ही या खेळाची मुख्य अट आहे आणि घरी केलेले संच बहुधा तिथेच फसतात. एखाद्या पत्त्याचा कोपरा जरा तिरका कापला जातो, एखाद्यावर गोंदाचा डाग पडतो, आणि मुले चित्राची जागा लक्षात ठेवण्याऐवजी तो डागच लक्षात ठेवतात. (मोठी माणसेही हेच करतात, फक्त कबूल करत नाहीत.)

त्यामुळे पत्ते सुटे कापून मग चिकटवण्यापेक्षा आधी सगळे चिकटवून मग कापावेत. ए४ कागदावर ५.५ सेंमी बाजूचे १५ चौकोन, म्हणजे आडवे तीन आणि उभे पाच, चहूबाजूंनी समास राखून बसतात. तेच पान दोनदा छापले की १५ जोड्या तयार होतात, आणि दोन्ही पाने लागोपाठ छापल्याने रंगछटेतही फरक पडत नाही. ही पाने दीड मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर चिकटवावीत आणि पाठीला गडद रंगाचा कागद लावावा, म्हणजे चित्र मागून दिसण्याचा प्रश्नच उरत नाही. जाड पत्ता लहान बोटांना टेबलावरून उचलायलाही सोपा जातो. कापताना लोखंडी पट्टी आणि धारदार कटर घ्यावा, आणि एकाच वेळी जोर न लावता त्याच रेषेवरून हलक्या हाताने अनेकदा पाते फिरवावे.

पाठीला नक्षीचा कागद लावायचा असेल तर नक्षी अगदी बारीक आणि दाट असावी, कारण मोठ्या फुलांचा कागद घेतल्यास प्रत्येक पत्त्यावर फुलाचा वेगळा तुकडा येतो आणि पत्ता लगेच ओळखू येतो. एकसारखा कोरा गडद रंग मला सर्वांत सुरक्षित वाटतो. पांढऱ्यावर मात्र बोटांचे डाग फार लवकर दिसतात.

प्रतिसाद २:
वरील पद्धतीत गोंदाची काळजी घ्यावी लागेल. इंकजेटची शाई पाण्याने पसरू शकते आणि पातळ गोंदाने कागद फुगतो, म्हणून गोंदाची कांडी किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारा कागद वापरावा. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला कागद लावला तर वाळताना तो त्या बाजूला वाकतो. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचा कागद लावल्यास हा ताण बराच समतोल होतो. चिकटवल्यावर जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवावे.

लॅमिनेशनची शिफारस मी करणार नाही. चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचा उजेड चमकतो, आणि लॅमिनेट केलेला पातळ पत्ता टेबलाला चिकटून बसतो. पत्ते तोंडात घालणारे मूल घरात असेल तरच त्याचा उपयोग आहे. तसे करायचे झाल्यास आधी पत्ते सुटे कापावेत, मग प्रत्येकाभोवती दोन-तीन मिलिमीटर प्लास्टिकची कड राखावी, नाहीतर कडा उघड्या राहून ओल आत शिरते. टोकदार कोपरे गोल करणेही विसरू नये.

मूळ प्रश्नकर्ता:
सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. पुठ्ठ्याचीच पद्धत वापरतो. वयांतील फरकाचे काय करावे?

प्रतिसाद ३:
संच एकच ठेवावा आणि पत्त्यांची संख्या बदलावी. धाकट्यासाठी सहा ते आठ जोड्या पुरतात. आठ जोड्या मांडल्यावर पहिला पत्ता उलटला की त्याचा जोडीदार निव्वळ नशिबाने सापडण्याची शक्यता १५ मध्ये एक असते. पंधरा जोड्यांत तीच २९ मध्ये एक होते. थोरल्यासाठी सगळे ३० पत्ते पाच ओळींत सहा-सहा असे मांडावेत. दोघे एकत्र खेळताना जोडी सापडल्यास पुन्हा खेळण्याची संधी देणारा नियम काढून टाकावा, अन्यथा थोरला एकाच डावात बरेच पत्ते घेऊन जातो आणि धाकटा उठून जातो.

काही जोड्या आकाराने आणि रंगाने ठळक असाव्यात, तर काही मुद्दाम फसव्या असाव्यात, उदाहरणार्थ एकाच प्राण्याची बसलेली जोडी आणि उभी जोडी. फरक केवळ लाल आणि हिरव्या रंगाचा मात्र ठेवू नये, कारण अनेकांना तो नीट दिसत नाही. सातव्या वर्षी वाचन येत असेल तर त्याच चित्रांची नावे लिहिलेले १५ पत्ते वेगळे करता येतील, म्हणजे चित्राशी शब्द जुळवण्याचा नवा खेळ मिळतो. पण त्यांची पाठ आताच, त्याच कागदाची आणि त्याच पुठ्ठ्याची करून ठेवावी.

प्रतिसाद ४:
संच तयार होईपर्यंत नेहमीचा ५२ पत्त्यांचा जोड वापरता येतो: अंक आणि रंग सारखे असलेले दोन पत्ते, जसे बदामची सत्ती आणि चौकटची सत्ती, ही एक जोडी धरली की २६ जोड्या होतात, आणि त्यांतल्या हव्या तेवढ्याच काढून मांडाव्यात. कोणाला किती जोड्या झेपतात हे त्यावरून आधीच कळेल. शिवाय पाठीच्या कागदाचा आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा बाजूला ठेवावा. पत्ता हरवला तर त्यातून नवा करता येतो, आणि नव्या पत्त्याची पाठ जुन्या पत्त्यांपेक्षा ताजी दिसत असल्यास त्याचा जोडीदारही नव्याने करण्याऐवजी ती जोडीच संचातून काढून टाकणे बरे.