प्रति: नव्वद दिवस भरत आले की क्रोएशिया?

शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, राहायचे ९० दिवस भरत आले की क्रोएशियात जाऊन राहावं, तिथले दिवस त्यात धरत नाहीत, असा सल्ला काहीजण देतात. तो आता चालत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. रोमानिया-बल्गेरियाही १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आले, त्यामुळे तिथले दिवसही त्याच ९० मध्ये धरतात. सर्बिया, अल्बानिया अजून बाहेर आहेत. पण तिथून परत आत यायला मल्टिपल एंट्री व्हिसा हवाच.

माझी धाकटी बहीण उन्हाळ्यात एकटीच युरोपात फिरायला निघाली, तेव्हा सोलापुरात घरच्या कॅलेंडरवर आईनं तिचा एकेक दिवस लाल पेननं खोडला. तिथं उतरल्याचा आणि तिथून निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजायचे बरं का! आणि व्हिसावर ९० पेक्षा कमी दिवस छापले असतील, तर तेवढेच मिळतात.