बी विंगचा कॅच आणि ए विंगची शंका

सोसायटी ग्रुप (फक्त सूचनांसाठी), २६ जानेवारी, संध्याकाळ

निमकर, बी २०३: [फोटो] आजच्या फायनलचा क्षण! शेवटच्या ओव्हरमध्ये आमच्या अथर्वने घेतलेला कॅच. बी विंग चॅम्पियन 🏆 फोटो आमच्या मेहुण्यांनी मोबाइलवर काढलाय.

वैद्य काकू, बी ५०२: अगं बाई! पोरगं पार आडवं झालंय हवेत. दृष्ट काढा रे त्याची.

सावंत, ए १०१: अभिनंदन. पण निमकर, कुठल्या ॲपमध्ये बनवला तेही सांगून टाका 😄 पोरगा स्कूटरच्या सीटच्याही वर तरंगतोय. त्याची स्वतःची उंची पाच फूट!

निमकर, बी २०३: म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?

सावंत, ए १०१: मी कशाला काय म्हणू, फोटोच बोलतोय. एक, सावली पायाला चिकटलेली नाही, लांब कुठेतरी पडलीय. दोन, चेंडू अंड्यासारखा लांबुडका. तीन, उजव्या हाताची बोटं मोजा. सहा आहेत. मी एका साइटवर टाकून पण बघितला, ८७ टक्के एआय सांगते.

पाटील (सेक्रेटरी): हा ग्रुप सूचनांसाठी आहे. उद्या टाकी धुणार आहेत. ११ ते ३ पाणी येणार नाही. कृपया नोंद घ्यावी.

तन्वी, सी ३०४: सावंत काका, त्याच साइटवर मी आत्ता पाटील काकांच्या टाकीच्या नोटिशीचा फोटो टाकला. ९१ टक्के एआय निघाली 😂 व्हॉट्सॲपवर येईपर्यंत फोटोचा एवढा चुरा होतो की त्या साइट्सना धरायला काही उरतच नाही. त्यांच्या टक्क्यांवर कुणाला खोटं पाडू नका.

पाटील (सेक्रेटरी): नोटीस मी स्वतः टाइप केली आहे.

सावंत, ए १०१: बरं, साइट सोडा. सावलीचं काय?

गोखले, ए ४०१: मी ए विंगचाच, आणि आपण हरलो याचं मलाही वाईट वाटलं. पण तीस वर्षं पेपरात फोटो काढून पोट भरलंय, तेव्हा बोलतो. सावंत, सावली पायाला चिकटली असती तर मी म्हटलं असतं की फोटो बनावट. हवेतल्या माणसाची सावली सुटीच पडणार. बघायचं असतं ते हे, की सगळ्या सावल्या एकाच बाजूला जातायत का. स्कूटरची सावली वॉचमनच्या केबिनकडे, स्टंपांची तिकडेच, पोराची पण तिकडेच. दुसऱ्याचा तुकडा आणून चिकटवणारा नेमका इथे फसतो.

सावलीनेच उंचीही कळते. मॅच अडीचला संपत आली होती. या दिवसांत आपल्याकडे त्या वेळी सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे माणूस जेवढा वर, तेवढीच त्याची सावली बाजूला सरकते. पेव्हर ब्लॉक मोजून बघा, अंतर दीड फुटाच्या आसपास भरतं. पोरगा दीड फूट वर आहे, चार नाही.

सावंत, ए १०१: मग स्कूटरच्या वर कसा दिसतो?

गोखले, ए ४०१: मेहुणे कठड्याखाली फतकल मारून बसले होते, मी गॅलरीतून पाहिलं. मोबाइल जवळजवळ जमिनीला टेकलेला. पोरगा त्यांच्यापासून १२ फुटांवर, स्कूटर ३० फुटांवर. खालून बघताना जवळचं उंच दिसतं आणि लांबचं ठेंगणं. घरी करून बघा: फरशीवर गाल टेकवा, समोर पेला ठेवा, तो मागच्या स्टुलापेक्षा उंच दिसेल.

आणि दीड फुटासाठी फार मोठी उडी लागतच नाही. पाच फुटी पोराची कंबर उभ्यानेच अडीच फुटांवर असते. पाय मागे फेकले की अंग आडवं, आणि तिथून नुसतं पडायलाही सुमारे ०.४ सेकंद लागतो. मोबाइलने सेकंदाला १० फोटो धडाधड काढले तर तीन-चार फोटोंत तो हवेतच सापडणार.

वैद्य काकू, बी ५०२: मी गाल टेकवला. आता उठवायला कोणीतरी या.

निमकर, बी २०३: 😂 काकू, पाठवतो हिला. गोखले काका, चेंडूचंही सांगून टाका एकदा.

तन्वी, सी ३०४: ते मी सांगते. मोबाइलचा सेन्सर चित्र एका दमात टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत जातो. तेवढ्यात चेंडू पुढे सरकतो, म्हणून लांबुडका किंवा तिरपा दिसतो. धावत्या गाडीतून काढलेले विजेचे खांब कलंडलेले दिसतात ना, तसंच. शिवाय ५४ किलोमीटर वेगाचा चेंडू एका सेकंदात १५ मीटर जातो. एक हजारांश सेकंदाला दीड सेंटिमीटर. त्या वेगाचा टेनिस बॉल घरच्या उजेडात काढलेल्या फोटोत काठीसारखा ताणलेला दिसला असता. एवढ्या उन्हात एवढाच लांबला म्हणजे हिशेबात बसतं.

सहावं बोट झूम करा. त्याच्या आरपार मागची भिंत दिसते. हल्लीचे मोबाइल तीन-चार फोटो एकावर एक चढवून एक देतात. हललेला हात दोनदा उमटतो.

सावंत, ए १०१: म्हणजे आता सहा बोटं असली तरी खरं, आणि पाच असली तरी खरं. मग खोटं पकडायचं कधी? एवढं अचाट दिसलं की संशय येणारच ना माणसाला.

तन्वी, सी ३०४: यायलाच हवा. मलाही आला होता, २०२४ च्या ऑलिंपिकच्या वेळी. पॅरिसचं ऑलिंपिक, पण लाटांवरचं सर्फिंग तिकडे ताहिती बेटावर तेआहुपोला. २९ जुलैला ब्राझीलच्या गाब्रिएल मेदिनाला एका लाटेसाठी १० पैकी ९.९० गुण मिळाले. फोटोत तो हवेत ताठ उभा, एक बोट आभाळाकडे, आणि शेजारी त्याची फळीही तशीच उभी. जणू दोघं शेजारी लिफ्टची वाट बघतायत. मी मैत्रिणीला लिहिलं, ‘शंभर टक्के एआय.’ तोंडावर पडले. एएफपी वृत्तसंस्थेच्या जेरोम ब्रुइयेने बोटीतून काढलेला अस्सल फोटो होता. लाट संपताना सर्फर तिच्या मागच्या अंगाने बाहेर उडी घेतात, तसा तो उडाला. फळी पायाला दोरीने बांधलेली असते, म्हणून तीही सोबत वर आली. दोरी फोटोतही दिसते. मी बघितलीच नव्हती.

निमकर, बी २०३: जॉन्टी ऱ्होड्सचं घ्या की! १९९२ चा वर्ल्ड कप, ब्रिस्बेन, हवेत आडवं झेपावून स्टंप उडवले, इंझमाम ४८ वर रन आउट. तो फोटो आज पहिल्यांदा आला असता तर सावंतांनी त्याचीही बोटं मोजली असती.

सावंत, ए १०१: जॉन्टी जॉन्टी होता. आणि त्याचा व्हिडिओ आहे!!

गोखले, ए ४०१: डोळ्याचं काही सांगू नका. घोडा चौखूर उधळला की पुढचे पाय पुढे, मागचे मागे पसरून हवेत जातो असंच चित्रकार काढत आले होते. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टोला मायब्रिज या फोटोग्राफरने ओळीने कॅमेरे लावून धावता घोडा टिपला. चारही पाय हवेत असतात ही गोष्ट खरी, पण पोटाखाली गोळा केलेले असताना. फोटो बरोबर होते आणि इतकी वर्षं भरवशाने काढलेली चित्रं चूक.

वैद्य काकू, बी ५०२: मग हा पण खराच असणार. [फोटो] अमेरिकेत पुराच्या पाण्यात रस्त्यावर शार्क. गाडीतून काढलाय. माझ्या भाच्याने पाठवला.

तन्वी, सी ३०४: काकू, हा खोटा 😀 पण याची गोष्ट मस्त आहे. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात थॉमस पेशाक या फोटोग्राफरने एक फोटो काढला. पिवळ्या कायाकमध्ये (वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीत) एक संशोधक बसलाय, मागे वळून बघतोय आणि पाठीमागे भला मोठा पांढरा शार्क. तो छापून आल्यावर लोक म्हणाले, बनावट! तो होता अस्सल. पुढे कुणीतरी त्यातला शार्क कापला आणि पुराच्या रस्त्यावर चिकटवला, तर तो लोकांनी खरा मानला. २०११ पासून दर वादळात तोच शार्क नव्या गावी निघतो. आज तुमच्या भाच्याच्या गावी.

वैद्य काकू, बी ५०२: भाचा सांगलीला असतो.

तन्वी, सी ३०४: गंमत पुढेच आहे. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला इयन वादळ आलं, तेव्हा एका परसातल्या पाण्यात शार्कसारखा मासा फिरतानाचा व्हिडिओ आला. सगळे हसले, ‘आला परत तो शार्क.’ आणि तो खरा निघाला. एपी वृत्तसंस्थेने मूळ फाइल मागवली, तिच्यातली तारीख-वेळ तपासली. बोटं नाही मोजली कुणी.

गोखले, ए ४०१: मी तिथेच येत होतो. आमच्या वेळी संपादक निगेटिव्ह मागायचे, एकच चौकट नाही, अख्खी पट्टी. आधीचं काय, नंतरचं काय. कारण फोटो अस्सल असून बातमी खोटी असू शकते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चं पहिलं बक्षीस कुंपणाचं फाटक ओलांडून झेप घेणाऱ्या लांडग्याला मिळालं. १० हजार पौंड. फोटोत काडीची लबाडी नव्हती. पण जाणकारांनी विचारलं, रानातला लांडगा फाटकाच्या फटीतून अंग चोरून जाईल, उगाच उडी कशाला मारेल? मग माद्रिदजवळच्या एका प्राणी उद्यानातल्या पाळीव लांडग्याशी अंगावरच्या खुणा ताडून पाहिल्या. फोटोग्राफर शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला, तरी २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं.

तेव्हा निमकर, मेहुण्यांना सांगा, मूळ फाइल पाठवा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की वेळ-बीळ सगळं शाबूत राहतं. आणि एकच नको, त्या वेळचे सगळे पाठवा.

निमकर, बी २०३: मेहुणे निघाले पुण्याला. आणि बहुतेक बाकीचे डिलीट केलेत. एकच चांगला आला होता.

सावंत, ए १०१: अस्सं.

सावंत, ए १०१: सेकंदाला १० काढणारा मोबाइल, आणि एकच उरला. अस्सं.

निमकर, बी २०३: सावंत, ९ रन डिफेंड करता आले नाहीत तुम्हाला, त्याचा राग फोटोवर काढू नका.

सावंत, ए १०१: आम्ही चेस करत होतो.

पाटील (सेक्रेटरी): दोघांनाही विनंती. अंपायर मी होतो. मी आउट दिला आहे. विषय संपला. टाकी ११ ते ३.

निमकर वहिनी, बी २०३: मी अथर्व आहे. आईचा फोन आहे. मामाने मला सगळे फोटो दिले होते. गोखले आजोबा, सगळे पाठवतोय. डॉक्युमेंट म्हणून.

[६ फाइल्स]

गोखले, ए ४०१: शाब्बास. वेळ दुपारी २.३४, सहाही एकाच सेकंदातले. पहिल्यात धावतोय. दुसऱ्यात पाय सुटले. तिसरा म्हणजे आपला फोटो. अस्सल, शंकाच नाही. चौथ्यात खाली येतोय, चेंडू हातात.

गोखले, ए ४०१: पाचवा सगळ्यांनी झूम करून पाहावा. डाव्या कोपराजवळ.

सावंत, ए १०१: चेंडू जमिनीवर!!!

तन्वी, सी ३०४: आणि सहाव्यात परत हातात. त्याच्या अंगाखालीच उचललाय. मधल्या बॅट्समनमुळे पाटील काकांना दिसणंच शक्य नव्हतं, त्यांची कॅप मागे दिसतेय बघा.

निमकर वहिनी, बी २०३: कोपर आपटलं आणि सुटला. मी सांगायला उठलो तर सगळ्यांनी मला उचललं. मग पेढे आले.

वैद्य काकू, बी ५०२: गुणाचं पोर. कोपराला हळद लावलीस का रे?

सावंत, ए १०१: फोटो खरा आहे, माझे शब्द मागे घेतो. आता कप कधी आणायला येऊ?

निमकर, बी २०३: २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कप फायनलला, बार्बाडोसला, सूर्यकुमारच्या कॅचवर पण बाउंड्रीची दोरी सरकली होती म्हणून लोकांनी स्क्रीनशॉट फिरवले. निर्णय बदलला का?

सावंत, ए १०१: तिथे थर्ड अंपायरने रिप्ले बघून दिला होता. इथे थर्ड अंपायर तुमचे मेहुणे.

पाटील (सेक्रेटरी) यांनी हा मेसेज डिलीट केला आहे.

गोखले, ए ४०१: अथर्व, तिसरा फोटो मी प्रिंट करून देतो, मोठा. खाली काय लिहायचं ते तू सांग.

निमकर वहिनी, बी २०३: ‘सुटण्याआधी’ असं लिहा आजोबा.

पाटील (सेक्रेटरी): उद्या टाकी ११ ते ३. कपाचा विषय एजीएममध्ये घेऊ.