बायझंटाइन राज्यविचार: प्लेटोचं ऋण किती खरं?

शिळोप्याचा:
बायझंटाइन दरबार, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून चालणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याचा दरबार, म्हणजे नुसते सोन्याचे झगे आणि कारस्थानं, असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. त्यांची सम्राटाची कल्पना थेट ग्रीक तत्त्वज्ञानातून आली आहे. इ.स. 336 मध्ये बिशप युसेबिअस सम्राट कॉन्स्टंटाइनसमोर भाषण करतो: स्वर्गात एक देव, पृथ्वीवर एक राजा. अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजनीतीतला हा जुनाच धागा, त्याने तो ख्रिस्ती करून घेतला. पुढे सहाव्या शतकात अगापेटोस नावाच्या डीकनने (चर्चमधल्या कनिष्ठ धर्मसेवकाने) सम्राट जस्टिनियनला 72 छोट्या कलमांचा उपदेश लिहिला. त्यात प्लेटोचं ते प्रसिद्ध वाक्य आहेच: तत्त्वज्ञ राजे होतील किंवा राजे तत्त्वज्ञ होतील तेव्हाच सुख. अगापेटोस म्हणतो, ते आता घडलं! लगेच पुढे, ज्ञानाची सुरुवात देवाच्या भयात. प्लेटोला असा बाप्तिस्मा दिलाय की बघत राहावं.

अश्वत्थ:
बाप्तिस्मा कसला, खुशामत आहे ती. याच जस्टिनियनने 529 मध्ये अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन बंद पाडलं. दमास्किअस, सिम्प्लिकिअस वगैरे तिथली तत्त्वज्ञ मंडळी इराणच्या खुस्रो राजाकडे गेली आणि 532 च्या तहात त्यांना परतायची मुभा मिळाली. प्लेटोचं वाक्य भिंतीवर टांगायचं आणि प्लेटो शिकवणाऱ्यांना घालवून द्यायचं, याला ऋण म्हणतात?

शिवाय खरी सत्ता कशावर चालायची ते बघा. 1042 मध्ये सम्राट पाचव्या मायकेलने झोई महाराणीला हद्दपार केलं, तर कॉन्स्टँटिनोपलचे लोक रस्त्यावर उतरले. राजवाड्यावर चालून गेले, झोईला परत आणायला लावलं आणि मायकेलचे डोळे काढले गेले. हे प्लेटोत कुठे आहे? सैन्य, सिनेट आणि लोक सम्राट करतात नि मोडतात, ही रोमन रीत आहे. अथेन्सचा संबंध नाही.

शिळोप्याचा:
दंगल म्हणजे विचार नव्हे हो. सहाव्या शतकातला राज्यशास्त्रावरचा एक संवाद बघा, मेनास आणि थॉमस यांच्यातला. खरवडून वर दुसरंच लिहिलेल्या चर्मपत्रावर त्याचे तुकडे उरले. त्यात सम्राट निवडायचा कसा, तर आधी योग्य माणसांची नावं सुचवायची आणि त्यांतून चिठ्ठी काढायची. आणि तो कायद्याच्या चौकटीत हवा. प्लेटो नि रोमन विचारवंत सिसेरो वाचलेल्या माणसाचंच हे डोकं आहे.

अश्वत्थ:
आणि किती जणांनी वाचला तो? तुम्हीच सांगितलंत, खरवडून टाकला. ॲरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'वर टीपा लिहायलाही बाराव्या शतकातला भाष्यकार, इफेससचा मायकेल उजाडावा लागला.

दगडीचाळ:
तत्त्वज्ञ प्लेथॉन राहिलाच की! पंधराव्या शतकात दक्षिण ग्रीसमधल्या मिस्त्रामध्ये बसून हा गृहस्थ मॅन्युएल सम्राटाला लिहितो: सैनिक वेगळे, करदाते वेगळे, जमीन सगळ्यांची. भिक्षूंना राज्याचा पैसा फुकट का द्यायचा, हेही विचारतो. याहून उघड प्लेटो कुठे मिळणार? त्याचा 'कायदे' हा ग्रंथ पुढे गेनादिओस या धर्मगुरूने जाळला. अनुक्रमणिका मात्र ठेवली, पुराव्यासाठी! गंमत म्हणजे गेनादिओस स्वतः पक्का ॲरिस्टॉटलवाला.

अश्वत्थ:
ॲरिस्टॉटलसाठी नाही जाळला. त्यात झ्यूस या जुन्या ग्रीक देवाची स्तोत्रं होती. आणि मॅन्युएलने प्लेथॉनच्या पत्रातलं एकही कलम अमलात आणलं नाही, ते कोण सांगणार?

शिळोप्याचा:
अमलात तर, सिसिलीतल्या सिराक्यूजच्या राजाला शिकवायला गेलेल्या खुद्द प्लेटोचंही काही आलं नव्हतं.